उचलीची वही

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत दिवाळी जवळ आली, बोनसचं बोलणं निघालं, की एक तक्रार ठरलेली. चहाचा कप माझ्याकडे सरकवत मालक म्हणतात, "मॅडम, पूर्वीसारखी माणसं राहिली नाहीत ओ. पोराला मशीनवर उभं राहायला शिकवायचं, आणि पलीकडच्यानं हजार रुपये जास्त दाखवले की चालला बघा." मी ऐकून घेते. चार-पाच छोट्या युनिटांचे पगार, पीएफ आणि ईएसआय, म्हणजे कामगार विमा, मी बघते. माझं बिल मालकच देतात, त्यामुळे तिथं वाद घालता येत नाही. इथं घालते.

पगाराचं काम आता संगणकावर आलंय. हजेरी पंचिंग मशीनवरून येते, ओटी, म्हणजे जादा वेळाचं काम, आपोआप धरली जाते, चलन ऑनलाइन भरलं जातं. एकच गोष्ट अजून वहीत राहिलीय, ती म्हणजे उचल. कोणी किती घेतली, कशाला घेतली, महिन्याला किती कापायचे. 'कशाला' हा रकाना हिशोबाला लागत नाही, पण लिहायची पद्धत पडलीय. कामगारांच्या निष्ठेबद्दल मला जे काही कळलंय, ते बरंचसं त्या रकान्यातून.

जूनमध्ये शाळेची फी आणि गणवेश. खानापूर आणि बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्यांची त्याच सुमाराला भाताची लावणी, म्हणजे उचलीबरोबर खाडेही आले. इथला कामगार अजून निम्मा शेतकरीच आहे. मग गणपती. उन्हाळ्यात लग्नं. आणि या सगळ्यांच्या वरताण म्हणजे गावची लक्ष्मीयात्रा. बेळगावच्या आसपासच्या खेड्यांत महालक्ष्मीची यात्रा दरवर्षी भरत नाही, कित्येक वर्षांच्या अंतरानं येते, आणि येते तेव्हा घर धुऊन नेते. रंगरंगोटी, लेकीबाळींना साड्या, चारी दिशांचे पाहुणे, मटणाची पातेली. एका मालकांनी एका फिटरला समजावलं होतं की कर्ज काढून कसली यात्रा करतोस. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमच्या दारातनं पाहुणा उपाशी गेला तर चालंल काय?" मालकांनी उचल दिली. वहीत 'यात्रा' असं लिहिलं. ती फिटायला दीड वर्ष लागलं, आणि फिटायच्या आधीच बायकोचं ऑपरेशन आलं.

हा फिटर कारखान्यातला सगळ्यात निष्ठावान माणूस समजला जातो. मालक पाहुण्यांना त्याच्या मशीनपाशी नेऊन सांगतात, "हा आमचा जुना माणूस." तोही हसून नमस्कार करतो. मला मात्र त्याच्या पगारपत्रकातला कपातीचा आकडा दिसतो. उचल आहे म्हणून त्याला कायद्यानं कोणी थांबवू शकत नाही. पण घेतलेले पैसे न फेडता दुसऱ्याच्या गेटवर उभं राहायची त्याला लाज वाटते, आणि एकरकमी फेडायला पैसे नसतात. म्हणून तो राहतो. त्याची निष्ठा खोटी आहे असं मात्र म्हणवत नाही. ऑपरेशनच्या रात्री मालक स्वतः रोकड घेऊन दवाखान्यात गेले होते, आणि हे तो कधी विसरणार नाही. उपकार आणि अडकणं यांचा पीळ असा घट्ट बसलाय की कुठला धागा कुठला ते त्यालाही सांगता येणार नाही.

माझ्या भाचीनं एमबीएच्या प्रोजेक्टला हाच विषय घेतला. कर्मचाऱ्यांची संस्थेशी बांधिलकी. तिच्याकडून कळलं की मेयर आणि ॲलन या दोन संशोधकांनी १९९१ मध्ये या बांधिलकीचे तीन भाग पाडले. एक मनापासूनची, म्हणजे इथंच राहावंसं वाटतं. दुसरी हिशोबाची, सोडणं परवडत नाही म्हणून राहायचं. तिसरी कर्तव्याची, सोडणं बरं दिसत नाही म्हणून राहायचं. बाहेरून तिन्ही सारख्याच दिसतात, कारण तिन्हींत माणूस रोज आठला कार्ड पंच करतो. मस्टरला फरक कळत नाही.

भाची प्रश्नावली घेऊन आमच्या एका युनिटमध्ये आली. एक ते पाच आकडे, पाच म्हणजे पूर्ण सहमत. मराठी, कन्नड दोन्ही छापील. जेवणाच्या सुट्टीत तिनं कागद वाटले आणि अर्ध्या तासात सगळे परत आले, सगळ्यांवर पाच. कंपनीवर प्रेम आहे का, पाच. कंपनी सोडणं अवघड जाईल का, पाच. दुसरीकडे संधी मिळाली तर जाल का, पाच! कागद मालकांच्या टेबलावर जाणार हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. एका मोल्डरमामांना तिनं तोंडी विचारलं, "मामा, तुम्हाला इथंच का राहावंसं वाटतं?" मामा म्हणाले, "जाऊन जाऊन जाणार कुठं, बाळ?" तिनं विचारलं, याला किती मार्क द्यायचे. मी म्हटलं, हा आकडा तुझ्या कागदात बसणार नाही.

'जाणार कुठं' हे सीमाभागातलं वाक्य आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. त्याच्या राजकारणावर इतकं बोलून झालंय की मी त्यात पडत नाही. पण नोकरीच्या बाबतीत त्याचा अर्थ साधा आहे. मराठी शाळेत शिकलेल्या पोराला सरकारी नोकरीच्या कन्नड परीक्षेत मार खावा लागतो. पुण्याला गेलं तर पगार जास्त, पण खोलीभाडं आणि खाणावळ त्यातलं जास्तीचं खाऊन टाकते. चोर्ला घाट उतरून गोव्याला जातात, आणि पावसाळ्यात घरी आईला बरं नाही म्हणून परत येतात. उरतं काय, तर उद्यमबाग, मच्छे, होनगा या इथल्याच औद्योगिक वसाहती. (याच १ नोव्हेंबरची गंमत अशी की कर्नाटकात ती कारखान्यांना सक्तीची पगारी सुट्टी आहे. राज्योत्सवाच्या, म्हणजे राज्याच्या स्थापना दिनाच्या सुट्टीचा पगार घेऊन आमची माणसं त्याच दिवशी निषेधाच्या, काळ्या दिनाच्या फेरीला जातात. राज्योत्सव करणारा असो की फेरीला जाणारा, मी मस्टरवर दोघांनाही सारखीच सुट्टी मांडते.)

तेव्हा 'पूर्वीसारखी माणसं' म्हणजे नेमकी कुठली, असं मला मालकांना विचारायचं असतं. माझे एक मामा गोकाक फॉल्सच्या मिलमध्ये होते. धबधब्याच्या पाण्याच्या जोरावर १८८५ साली उभी राहिलेली ती कंपनी, आजोबा, बाप, नातू असे एकाच खात्यात लागलेले. मामा मिलबद्दल जीव तोडून बोलायचे. पण राहती खोली मिलची, नळ मिलचा, मुलांची शाळा मिलच्या आवारातली. नोकरी सोडली की त्याच दिवशी घरही सुटणार. अशा ठिकाणी चाळीस वर्षं कोण टिकणार नाही? मामांचं प्रेम खरं होतं, यात मला शंका नाही. त्या प्रेमाची परीक्षा मात्र कधी झालीच नाही, एवढंच.

आता सोडून जाणाऱ्यांकडे येऊ. तेवीस वर्षांचा एक सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचा ऑपरेटर, आयटीआय झालेला, हात चांगला. मच्छ्याला गेला. मालक चिडले, "बाराशे रुपयांसाठी गेला!" त्याचा हिशोब करायला तो माझ्याकडे आला, तेव्हा गोष्ट वेगळीच निघाली. घरी आईच्या नावावर मायक्रोफायनान्सची दोन गट-कर्जं. हप्ता दर मंगळवारी, गल्लीतल्या एका घराच्या ओट्यावर, सगळ्या बायकांसमोर. एकीनं भरला नाही तर बाकीच्यांनी भरायचा, म्हणजे सावकारापेक्षा शेजारणीची जीभ जास्त लागते. या वसुलीपायी इतकी घरं पिळून निघाली की कर्नाटक सरकारला फेब्रुवारी २०२५ मध्ये जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध वटहुकूम काढावा लागला. वटहुकुमानं दारातला दमदाटीचा माणूस थोडा मवाळ झाला असेल. मंगळवार काही हलला नाही. आणि आमचा पगार महिन्यातून एकदा, तोही कधी सातला, कधी बाराला. नव्या ठिकाणी ओटीचे पैसे दर शनिवारी हातात मिळतात. तो बाराशेसाठी गेला नव्हता. शनिवारसाठी गेला होता.

मालकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग मला सांगायचं होतं की." कसं सांगणार? आईचे हप्ते थकलेत हे तेवीस वर्षांच्या पोरानं केबिनमध्ये उभं राहून सांगायचं, फोरमन आत-बाहेर करत असताना? त्याला राजीनामा सोपा वाटला.

काही राजीनामे तर याहून विचित्र असतात. कामावर कसलीही तक्रार नसलेला माणूस येतो आणि म्हणतो, "ताई, माझं नाव काढा, पीएफ काढायचाय." बहिणीचं लग्न असतं. लग्नासाठी पीएफमधून पैसे मिळायला सात वर्षांचं सभासदत्व लागायचं, आणि तेव्हाही स्वतःच्या वाट्याच्या निम्मेच. नोकरी सोडून दोन महिने बसलं की सगळी रक्कम निघायची. वर्षानुवर्षं हाच नियम होता, आणि त्यापायी कितीतरी चांगली माणसं स्वतःचेच पैसे स्वतःला मिळावेत म्हणून बेकार झाली. दोन महिने कुठंतरी रोजंदारी करायची, मग परत यायचं. परत आल्यावर सेवा पहिल्यापासून. १९७२ च्या कायद्यानं ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षांची अट घातली. हा मधला खड्डा ती पाच वर्षं गिळून टाकायचा. मालकांच्या लेखी 'पळालेला', माझ्या लेखी भाऊ.

ईएसआयचं एक उलटंच. पगार २१,००० च्या वर गेला की माणूस ईएसआयच्या बाहेर पडतो. घरात डायलिसिसचा पेशंट असलेल्या एका टर्नरनं पगारवाढ नको म्हणून हात जोडले होते. वाढ मिळाली असती त्याच्या कितीतरी पट दवाखान्यात गेले असते. त्या वर्षी मालकांना तो फार समाधानी कामगार वाटला.

बायकांचं आणखी वेगळं. पॅकिंगला दोघी शेजारी-शेजारी बसतात. एक बेळगाव तालुक्यातली, दुसरी चंदगडकडची, हद्दीपलीकडची. २०२३ च्या जूनपासून पहिलीला कर्नाटकच्या बसमध्ये तिकीट नाही; दुसरी महाराष्ट्राच्या एसटीत निम्मं तिकीट काढते आणि पुढचं पूर्ण. पहिलीच्या खात्यात कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २,००० जमा होतात. कधी वेळेवर, कधी दोन महिन्यांचे एकदम, पण होतात. ते सुरू झाल्यावर काही महिन्यांनी तिनं रविवारच्या ओटीला नाही म्हटलं. तोवर ती कधीच नाही म्हणाली नव्हती. मालक म्हणाले, "बघा, सरकारनं बायकांना फुकट देऊन आळशी केलं." चंदगडची मात्र अजून रविवारी येते, म्हणून ती 'कामाची'.

मला हे मुळीच पटत नाही. पहिली सोम ते शनि पूर्वीसारखीच बसते, माल मोजायला तीच हुशार, नव्या पोरींना शिकवते तीच. तिनं फक्त एक रविवार परत घेतला. आधी तिचं 'हो' हे तिचं नव्हतंच, त्यामुळे त्याची किंमतही कोणाला कळली नव्हती. ज्याला 'नाही' म्हणता येतं त्याच्याच 'हो'वर विसंबता येतं. आणि खरं सांगायचं तर, आता गणपतीच्या घाईत एखादा रविवार ती आपणहून येते, तेव्हा कोणाच्या उपकारासारखी नाही, आपल्या कामासारखी येते.

टंचाई माणसाला जागेवर खिळवते. मन मात्र तिथं ठेवत नाही. हे मी सगळ्यात स्पष्ट पाहिलं २०२० मध्ये. त्याच्या आदल्या वर्षीच वाहन उद्योगाला मंदी लागली होती, आमच्या भागातल्या फौंड्र्या आणि मशीन शॉप त्यावरच जगतात, त्यामुळे ओटी आधीच बंद. मग मार्चच्या शेवटी लॉकडाऊन. मी काम बघते त्यातल्या एका मालकांनी एप्रिलमध्ये फोरमनमार्फत सगळ्यांना कळवलं: बँकेत एवढे आहेत, कर्जाचा हप्ता एवढा, सगळ्यांना निम्मा पगार देऊ शकतो, कमी पगारवाल्याला थोडा जास्त. दुसऱ्या एकांनी 'बघू' म्हटलं आणि फोन उचलायचं सोडलं. जूनमध्ये दोन्ही कारखाने सुरू झाले. परप्रांतातली माणसं गावाला गेलेली, स्थानिक तेवढे हजर. दोन्हीकडची हजेरी जवळपास सारखीच होती, कारण भुकेपुढे कोणाला पर्याय नव्हता. पण दुसऱ्या ठिकाणी रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल, वाढलं. भट्टीची वेळ चुकायला लागली, तुटलेलं टूल कोणी सांगेना, शेजारच्या मशीनवर आवाज बदललाय हे ऐकू येऊनही कोणी उठेना. कामचुकारपणा म्हणावा असं काही नव्हतं. नेमून दिलेलं सगळं व्हायचं, नेमून न दिलेलं काहीच व्हायचं नाही. कारखाना चालतो तो बहुतेक नेमून न दिलेल्या कामांवर.

त्यात मनाचा राग होता, तसा डोक्यावरचा भारही होता. ओडिशात पत्रावळ्या लावणाऱ्या कामगारांवर झालेला एक अभ्यास भाचीनं वाचून दाखवला. काम तेच, मजुरीचा दर तोच. फक्त काहींना केलेल्या कामाचे पैसे काही दिवस आधी दिले. पैसे हातात आल्यावर त्यांच्या पत्रावळ्या जास्त व्हायला लागल्या आणि चुका कमी, आणि हा फरक जास्त गरीब होते त्यांच्यात जास्त दिसला. दर वाढवला नव्हता, शाबासकी दिली नव्हती. डोक्यातलं एक देणं तेवढं उतरलं होतं. मला ते ऐकून मंगळवार आठवला. सोमवारी दुपारी आमच्या सीएनसीवर मापं का चुकतात, याचं उत्तर मशीनच्या मॅन्युअलमध्ये शोधून मिळणार नाही.

हा सगळा हिशोब मी एका मालकांपुढे मांडला. लॉकडाऊनमध्ये निम्मा पगार देणारेच ते. त्यांनी पगाराची तारीख पहिली ठरवली, आणि सोळाला पगारातले थोडे आगाऊ, ज्याला हवे त्याला, न मागता. उचलीला स्वतंत्र चिठ्ठी, बाकी किती ते पगाराच्या पावतीवर छापील. चमत्कार काही झाला नाही. दोन पोरं गेलीच. एकजण मोठी उचल घेऊन गोव्याला जो गेला तो अजून गेलेलाच आहे, आणि त्याचं उदाहरण मला महिन्यातून एकदा ऐकवलं जातं. पण उचलीच्या मागण्या निम्म्यावर आल्या आणि सोमवारचे खाडे कमी झाले. "एवढ्यासाठी एवढा खटाटोप?" असं मालक अधूनमधून म्हणतात. पण तारीख पाळतात.

यंदा तीच मोडायची वेळ आली. त्यांचा सगळ्यात मोठा ग्राहक नव्वद दिवस पैसे देत नाही. २००६ च्या कायद्यानं लघुउद्योगांचं बिल ४५ दिवसांत द्यायला हवं, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. कायदा चांगला आहे. पण तक्रार केली की पुढची ऑर्डर बंद, आणि आधीचे अडकलेले पैसेही आणखी अडकतात. मी सहज म्हटलं, "साहेब, मग ते गिऱ्हाईक सोडा की." ते म्हणाले, "सोडून जाऊ कुठं, मॅडम? सत्तर टक्के काम त्यांचंच." वर तोच ग्राहक दर वर्षी त्यांना 'विश्वासू पुरवठादार' म्हणून प्रशस्तिपत्रक देतो. केबिनमध्ये फ्रेम करून लावलंय.

पगार सात तारखेला करायचं ठरलं. कायद्यानं तेवढी मुभा आहे. मी नोटीस लिहिली, मराठीत आणि कन्नडमध्ये. कोणाकडून किती येणं थकलंय आणि म्हणून या एका महिन्यापुरता पगार सातला. मालकांना कारण लिहायचं नव्हतं. "आपली अडचण कामगारांना कशाला दाखवायची?" मी म्हटलं, त्यांच्या अडचणी आपल्या वहीत लिहिलेल्या असतात, आपली एक त्यांना वाचू दे. बराच वेळ पेन हातात धरून बसले, मग ग्राहकाचं नाव तेवढं खोडून सही केली.

नोटीस लावली तेव्हा मोल्डरमामा चष्मा नाकावर ओढून दोन्ही भाषांतली वाचत होते. मग माझ्याकडे वळले.

"सात म्हणजे सातच नव्हं, ताई?"

"होय मामा, सातच."

"मग मंगळवारचं मी भिशीतनं बघतो," म्हणाले, आणि भट्टीकडे जाता जाता मागं वळून विचारलं, "ते खोडलेलं नाव कुणाचं ओ? माझा भाचा तिथंच लागलाय काय की."